आधी दिवसाची घडी बसू दे

चि.,
अनेक आशीर्वाद.

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं म्हणून तू पाठवलेलं वेळापत्रक पाहिलं. आठ ते साडेआठ मराठी, साडेआठ ते नऊ गणित, मग इंग्रजी, परिसर अभ्यास, पंधरा मिनिटांची मधली सुट्टी, दुपारी चित्रकला आणि हस्तकला. एक्सेलमध्ये प्रत्येक विषयाला वेगळा रंग. मेहनत दिसते आहे. पण तुझी थोरली सहाची, धाकटा चारचा. बायकोची रात्रपाळी असली की ती सकाळी घरी येऊन झोपणार, म्हणजे मुलांचा आवाजही सांभाळायचा. गॅसवर दूध, दारात कुरियरवाला आणि धाकट्याला नेमकी तेव्हाच शी. हे वेळापत्रक सोमवारी चालेल, मंगळवारी ओढूनताणून चालेल आणि गुरुवारपर्यंत तू मुलांवर खेकसायला लागशील. मग रविवारी रात्री नवं वेळापत्रक करायला बसशील.

अभ्यासक्रम कुठला घेऊ, हा तुझा पहिला प्रश्न. त्याकडे येते, पण खरं तर तो पहिला प्रश्न नाही. घरी शिकताना मूल सहसा दमत नाही, दमतो तो शिकवणारा. शाळेतल्या बाई शाळा सुटली की घरी जातात. तुला कुठे जायचंय? म्हणून आज जे करशील ते उद्या, परवा आणि तुझं नाक गळत असतानाही करता येईल, एवढंच असू दे. एक दिवस दणक्यात आणि मग आठवडाभर शुकशुकाट, याचा काही उपयोग नाही.

दिवसात दोनच गोष्टी ठरलेल्या ठेव. नाश्ता झाल्यावर एक बैठक आणि संध्याकाळी बाहेर जाणं. थोरलीची बैठक अर्धा तास, फार तर पाऊण. तुला हे कमी वाटेल. चाळीस मुलांच्या वर्गात अर्ध्या तासाच्या तासिकेत एकेका मुलाच्या वाट्याला बाई किती येतात, याचा भागाकार करून बघ. पुरतं एक मिनिटही येत नाही. तुझी मुलगी अख्खा अर्धा तास एकटी तुझ्यासमोर असणार आहे. रोज तीच सतरंजी, तोच कोपरा. मोबाइल सायलेंटवर नको, दुसऱ्या खोलीत ठेव. आणि तिला अजून हवं असतानाच उठायचं. बैठक रडारडीत संपली, तर दुसऱ्या दिवशी तिला सतरंजीवर आणण्यातच तेवढा वेळ जातो.

धाकट्याला त्या वेळी हाकलू नकोस. त्याला राजमा, छोले आणि वाल एकत्र कालवून दे आणि तीन वाट्या दे. तो वेगळे करेल, सांडेल, पुन्हा भरेल. (दाणे नाकात जातात, म्हणून एक डोळा तिकडे.) दहा मिनिटांनी कंटाळून ताईच्या वहीवर रेघोट्या मारायला येईल. येऊ दे. त्याची पाटी वेगळी असली की पुष्कळसे तंटे मिटतात.

ऑनलाइन जी लाकडी साधनांची पेटी तू बघून ठेवली आहेस, ती घेऊ नकोस. ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं. पुढे १९४५ पासून त्या आणि अनुताई वाघ बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींच्या मुलांत रमल्या. तिथे परदेशी साधनं परवडणारी नव्हती आणि त्यांची गरजही पडली नाही. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, जे हाताशी असेल त्यावर त्यांनी बालशिक्षण उभं केलं. तुझ्या स्वयंपाकघरात त्याहून जास्त सामान आहे. मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या, मोज्यांच्या जोड्या लावणं, कणीक मळताना पाणी किती लागलं ते बघणं. हे अभ्यासातून वेळ काढून करायचं काम नाही, चार वर्षांच्या मुलाचा हाच अभ्यास. कणकेचा गोळा करणारी बोटंच पुढे पेन्सिल धरतात.

वाचनाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथेच माणसं घाई करतात. अ आ इ ई पासून सुरुवात करू नकोस. 'अ' काढायला किती वळणं लागतात ते स्वतः डाव्या हातानं लिहून बघ. आपल्याकडच्या बालवाड्यांत 'ग म भ न' पासून सुरुवात करतात ती उगाच नाही. ताटात बारीक रवा पसरून त्यात बोटानं ग काढायचा, मग पाटीवर, मग खूप नंतर कागदावर. आठ-दहा अक्षरं झाली की लगेच शब्द. काना-मात्रा नसलेले शब्द मराठीत भरपूर आहेत: गवत, कमळ, बदक, नळ, मगर. सगळी बाराखडी पाठ होईपर्यंत वाचनाला थांबवून ठेवलं की मुलाला वाटतं, हे प्रकरण कधी संपतच नाही. मग काना: मामा, काका, चहा, टमाटा. मग वेलांट्या. ऱ्हस्व-दीर्घाचा काथ्याकूट सहाव्या वर्षी नको.

आणि मग मुलुंडहून भायखळ्याला जाणारी स्लो लोकल पकड. गर्दी ओसरल्यावर, अकराच्या सुमारास, खिडकीपाशी जागा मिळते. प्रत्येक फलाटावर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलेलं असतं आणि गाडी थांबते तेवढ्याच वेळात वाचायचं असतं, यापेक्षा चांगला वाचनाचा तास मला माहीत नाही. परळ तिला पहिल्याच महिन्यात वाचता येईल, दादरला एक काना. भांडुपला अनुस्वार आणि उकार. विक्रोळीचा 'क्र' आणि कुर्ल्याचा 'र्ल' शेजारी ठेवून बघ: दोन्हींत र आहे, पण एकात तो पायाशी जाऊन बसतो आणि दुसऱ्यात डोक्यावर चढतो. रफार शिकवायला वेगळा धडा लागत नाही. पहिल्या खेपेला तिनं फक्त परळ आणि दादर ओळखलं तरी पुष्कळ. बाकीची नावं तू मोठ्यानं वाच आणि पुढच्या वेळेची वाट बघ.

भायखळ्याला उतरून राणीच्या बागेत जाशील, तेव्हा पेंग्विन बघून बाहेर पडू नकोस. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर एक दगडी हत्ती उभा आहे, तो घारापुरीहून आणलेला. त्या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. पोरांना त्याभोवती दोन फेऱ्या मारू दे, शेपूट कुठे आहे ते शोधू दे. संग्रहालय १८७२ सालचं. आत जुन्या मुंबईच्या लोकांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत, त्यांच्यासमोर मुलं तासभर रेंगाळतात. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात, तेवढं लक्षात ठेव. घरी आल्यावर 'आज काय काय शिकलात?' असं मात्र विचारू नकोस. फिरायला नेऊन परीक्षा घेणाऱ्या माणसाबरोबर पुढच्या वेळी कोण येईल?

आकड्यांचं थोडक्यात. पैशांनी शिकव. दहाच्या नोटा आणि एकची नाणी, सहा नोटा आणि तीन नाणी म्हणजे त्रेसष्ट. छत्तीस आणि त्रेसष्टमध्ये मुलं गोंधळतातच. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशी वाचायची पद्धत दिली, तेव्हा किती गदारोळ झाला होता आठवतंय? मला तर दोन्ही चालतं. नोटा मोजताना 'साठ आणि तीन' म्हण, हिशेब सांगताना 'त्रेसष्ट' म्हण. पाढे मात्र तू घेऊ नकोस, आजीला दे. दिवेलागणीला शुभंकरोति झालं की दोन पाढे, आजी सांगेल तसे, चालीत. तुझ्या आईचा या सगळ्याला विरोध आहे असं लिहिलं आहेस. तिला पटवत बसू नकोस, तिला काम दे.

याच पाढ्यांपुढे पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊणचे पाढे येतात आणि त्यातली पाऊणकी तुला मुंबईत फार उपयोगी पडेल. कोकणातल्या लोकांचं जुनं गणित आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. भरती रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकते, म्हणून पाऊणपट. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, भर दुपारी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागे जातं. म्हणजे खडकाळ किनारा बघायला पौर्णिमेची किंवा प्रतिपदेची संध्याकाळ धर. वांद्र्याच्या कार्टर रोडला किंवा हाजीअलीच्या बाजूला खडकांत पाण्याची डबकी उरतात. त्यात बोटभर खेकडे, खडकाला चिकटलेली कालवं, पाण्यात पाकळ्या उघडून बसलेली समुद्रफुलं. हात लावला की मिटतात, म्हणून हात लावायचा नाही आणि जिवंत काहीही घरी आणायचं नाही. निसरड्या खडकावर पट्ट्याच्या चपला, पावसाळ्यात अजिबात नाही, आणि पाणी वळायच्या आत वर यायचं. निघण्यापूर्वी त्या दिवसाची छापील किंवा मोबाइलवरची वेळही बघून घे. तिथीचं गणित ढोबळच.

सहाव्या वर्षी तिला पाऊणपट कळणार नाही. पण कालनिर्णयवर तिथी शोधणं कळेल आणि 'परवा पाणी लवकर गेलं होतं ना?' हे तिला आपोआप सुचेल. आठव्या-नवव्या वर्षी ती स्वतः हिशेब करेल. मध्ये दोन वर्षं काहीच झालं नाही असं तुला वाटेल, ते वाटू दे.

आता अभ्यासक्रम. बालभारतीची सगळी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. पहिलीची उतरवून घे आणि तुझ्यापाशी ठेव. पान एक ते पान शेवट असं शिकवायचं नाही. दोन-तीन महिन्यांनी चाळायचं आणि काय आपोआप झालं, काय राहिलं ते बघायचं. निम्मं झालेलं असतं. इंग्रजी गोष्टी रोज मोठ्यानं वाचून दाखव, पण वाचायला शिकवणं मराठी पक्कं झाल्यावर. इंग्रजी स्पेलिंगचा लहरीपणा त्या आधी नको. टीव्ही-मोबाइलबद्दल माझ्याकडे नवीन काही सांगण्यासारखं नाही, तुला कळतंच.

लिफ्टमध्ये 'कुठल्या शाळेत गं तू?' हा प्रश्न रोज येणार. उत्तर मुलीला आधीच देऊन ठेव: 'मी घरी शिकते.' पुढचं तू बोल, तिच्या डोक्यावरून वाद नको. सोसायटीतली मुलं पाच वाजले की क्लासला पळतात, त्यामुळे खेळायला सोबती मिळवणं हे घरी शिकवण्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, गणितापेक्षा कितीतरी. त्यातून तू बाप. बागेतल्या आया आपसांत वाढदिवस आणि सहली ठरवतात आणि तुला कुणी विचारत नाही, हे तू लिहिलं नाहीस पण मला दिसतं. पुढाकार तूच घे. शनिवारी चार मुलांना घरी बोलाव, भेळ कर. एखादी तालीम, पोहणं किंवा वाचनालय ठरलेल्या वारी धर, म्हणजे तेच चेहरे पुन्हा पुन्हा भेटतात. मैत्री त्यानेच होते.

कागदपत्रांचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे; न घातल्यास पालकाला दंड मात्र त्या कायद्यात नाही. घरी शिकवण्याला स्वतंत्र मान्यताही नाही. हे नीट समजून, बायकोशी बोलून मगच पुढे जा. कलम ४ प्रमाणे शाळेत कधीच न गेलेल्या मुलालाही वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, तेव्हा परतीचं दार उघडं आहे. पुढे परीक्षेसाठी एनआयओएसचे, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयाचे, ए, बी, सी असे स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे आहेत, दहावीची परीक्षा चौदा पूर्ण झाल्यावर. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायला राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्मही आहेच. आत्ता तुला यातलं काही लागणार नाही. जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड जपून ठेव आणि एका वहीत रोज तारीख घालून दोन ओळी लिही: आज काय वाचलं, कुठे गेलो. सासरेबुवा विचारतील तेव्हा ती वही पुढे करता येते.

एक गोष्ट स्पष्टच लिहिते. बायकोला हे मनापासून पटलेलं नसेल, किंवा महिना-दोन महिने रोज दहा वाजेपर्यंत तुझा आवाज चढत असेल, तर जवळची महापालिकेची शाळा बघ आणि संध्याकाळची भटकंती चालू ठेव. लोकल, राणीची बाग, ओहोटी यांना शाळेची आडकाठी नाही. काही मुलांना शाळेतच बरं वाटतं, काही बापांनाही.

माझ्याकडे दोन दगडी पाट्या आणि 'किशोर'च्या जुन्या अंकांचा गठ्ठा आहे. अंक थोरलीला अजून जड जातील, तू वाचून दाखव. रविवारी येऊन घेऊन जा. लिफ्ट बंद आहे आणि चौथा मजला, तेव्हा धाकट्याला खायला घालून आण.

तुझी,
मावशी