कोन बदलूनही शिखर हलत नाही, म्हणजे रेणू अस्ताव्यस्तच का?

तुमचा प्रश्न असा: काचेवर सोन्याचा थर देऊन त्यावर कॉपर थॅलोसायनिनची (सपाट, चकतीसारखा सेंद्रिय रेणू) फिल्म चढवली, सिंक्रोट्रॉनवर (प्रखर एक्स-रे देणारं यंत्र) नेक्साफ्स, म्हणजे एक्स-रेची ऊर्जा बदलत शोषणाचं मोजमाप, घेतलं, पण नमुना फिरवूनही नायट्रोजनचं पाय-स्टार शिखर जवळपास तेवढंच राहिलं. तर रेणू कसेही पडलेत असं लिहावं का? इतक्यात लिहू नका.

पाय-स्टार संक्रमणाची, म्हणजे एक्स-रे शोषून इलेक्ट्रॉन पाय-स्टार या रिकाम्या कक्षकात जाण्याची, दिशा रेणूच्या प्रतलाला लंब असते. क्षितिजसमांतर ध्रुवित किरण पृष्ठभागाला घासून, २० अंशांच्या आसपास, आला की विद्युतक्षेत्र फिल्मला जवळपास लंब होतं. तेव्हा आडव्या रेणूंचं शिखर उंच येतं, उभ्यांचं बुटकं. ९० अंशांना याच्या उलट. मात्र हाती लागते ती रेणू पृष्ठभागापासून किती कललाय त्या कोनाच्या कोसाइन-वर्गाची सरासरी. ती एक-तृतीयांश भरली की नमुना कितीही फिरवा, शिखर तसंच. आणि रेणू खरोखर अस्ताव्यस्त असले, सगळे ५४.७ अंशांत कललेले असले किंवा एक-तृतीयांश आडवे नि बाकीचे उभे असले, तरी सरासरी तीच भरते.

मला आडव्या-उभ्यांच्या मिश्रणाचा संशय जास्त आहे. एकस्फटिकी सोन्यावर हा रेणू आडवा बसतो. बाष्पीभवनाने चढवलेलं सोनं खडबडीत असतं आणि तिथे तो उभा राहिल्याचं प्रसिद्ध झालेलं आहे. सोनं आहे म्हणजे आडवाच, असं धरून चालू नका.

आधी मोजमापाची खातरजमा करा. तांब्याची एल-कडा (तांब्याच्या अणूचं एक्स-रे शोषण जिथे एकदम वाढतं ती ऊर्जा), ९३१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, त्याच कोनांना घ्या. ते संक्रमण रेणूच्या प्रतलात असतं, म्हणून कोनानुसार होणारा बदल नायट्रोजनच्या उलटा यायला हवा. तिथे ठळक बदल दिसला, तर नायट्रोजनच्या सामान्यीकरणात (वेगवेगळ्या कोनांचे सिग्नल एका मापावर आणण्यात) गडबड आहे. दोन्हीकडे सपाट आलं तर मोजमाप ठीक, पण वरचा पेच कायम, कारण सरासरी तीच. शेवटी पहिला कोन पुन्हा घ्या, किरणांनी फिल्म खराब होते.

पेच सोडवायला घासत्या कोनातलं एक्स-रे विवर्तन (स्फटिकांवरून विखुरलेल्या एक्स-रेचं चित्र) लागेल. त्यात पूर्ण कडी आली तर स्फटिककण कसेही पडलेत, ठिपके किंवा तुटक कमानी आल्या तर नाही. जोडीला २ आणि २० नॅनोमीटरच्या फिल्म शेजारी ठेवा. इलेक्ट्रॉन यील्डचा (बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजून शोषण काढण्याच्या पद्धतीचा) सिग्नल वरच्या काही नॅनोमीटरमधूनच येतो, त्यामुळे खालचे थर आडवे आणि वरचे उभे असतील तर ते पातळ फिल्ममध्येच कळतं.

तोवर मजकुरात एवढंच लिहा: 'सरासरी कल ५४.७ अंशांशी सुसंगत, वितरण अनिश्चित.'