आजोबा ७२ वर्षांचे, उत्पन्न फक्त श्रावणबाळ योजनेचे. गुहागरकडच्या गावातली घरपट्टी माफ होईल का?

नुसत्या वयावर नाही. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला, त्यामुळे चाकरमानी गावी येऊन तेच सांगतात. पण तो निर्णय ग्रामपंचायतीला लागू नाही. आजोबा माजी सैनिक असतील तर मात्र २०२० च्या माजी सैनिक सन्मान योजनेत माफी मिळते, सैनिकांच्या विधवांनाही.

खरा फायदा कागदात सापडतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा उतारा घ्या. २०१५ पासून कर भांडवली मूल्यावर, म्हणजे घर-जागेच्या किमतीवर बसतो आणि त्यात बांधकामाचा प्रकार नि घराचं वय धरतात. जुन्या घराला घसारा मिळतो, म्हणजे वयानुसार किंमत कमी धरतात. मातीत बांधलेलं चिऱ्याचं कौलारू घर चुकून पक्क्या स्लॅबचं म्हणून लागलंय का, पडलेला गोठा अजून नोंदीत आहे का, ते बघा. चूक असेल तर लेखी अर्ज करून पोच घ्या (तोंडी सांगून काही हलत नाही हो). तिथे दाद लागली नाही तर पंचायत समितीकडे अपील.

आणि सप्टेंबरअखेर भरलीत तर ५ टक्के सूट आहेच. गणपतीला घरी येणाऱ्या मुलाच्या हातून भरून टाका.