गोली बदलायचा का?

प्रश्न : आम्ही टोरांटोजवळ राहतो. मुलाचा आइस हॉकी संघ सलग सहा सामने हरलाय. बाकीचे पालक म्हणतात, गोली, म्हणजे गोलरक्षक, बदला. माझा मुलगाच गोली आहे, रडवेला झालाय. काय करू?

उत्तर : ताई, मी पुण्यात दहा वर्षं हॉकीत गोल राखलाय, मैदानावरच्या, त्यामुळे तुमचा मुलगा मला डोळ्यांसमोर दिसतो. आधी बघा, गोल होतात कसे? अडवलेला पक (बर्फावरच्या हॉकीत चेंडूऐवजी असते ती चकती) पुन्हा समोरच्याच्या स्टिकवर जात असेल, तर आपले बचावपटू कुठे होते? लांबून आलेला साधा फटका आत जात असेल, तर मात्र त्याला दोन सामने विश्रांती द्यावी.

बदल फळतो, हे खरं. जानेवारी २०१९च्या सुरुवातीला सेंट लुईस ब्लूज हा संघ एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, तळाला होता. ७ जानेवारीला त्यांनी जॉर्डन बिनिंग्टन या गोलीला पहिल्यांदाच सुरुवातीपासून उतरवलं, फिलाडेल्फियाला ३-० हरवलं आणि जूनमध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. पण प्रशिक्षक नोव्हेंबरातच बदलला होता, हे कुणी सांगत नाही.

निर्णय काहीही होवो, प्रशिक्षकांनी तो मुलाला आदल्या दिवशी, एकट्याला सांगावा. एवढं त्यांच्याकडे नक्की मागा.