वाचक विचारतात : जाम झालेले नट आणि पडवीतली पद्मिनी

प्रश्न : आमच्या बाबांची प्रीमियर पद्मिनी चिपळूणच्या घरी पडवीत कितीतरी वर्षं उभी आहे. इंजिन हलत नाही, मागच्या चाकांचे ब्रेकचे ड्रम निघत नाहीत, मॅनिफोल्डचे (इंजिनला हवा-धुराचे नळ जोडणारा भाग) नट गंजून गेलेत, एकाचे तर पान्याने कोपरेच गोल झाले. गॅरेजवाले म्हणतात भंगारात द्या. घरी काही जमेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : भंगारात अजिबात देऊ नका हो! इंजिन हलत नाही म्हणजे गेलं असं नसतं, बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला गंजून चिकटलेल्या असतात. फक्त स्टार्टर मारू नका आणि गाडी ओढून चालू करायला तर जाऊच नका, रिंग तुटली की सिलेंडरला ओरखडे पडलेच. चारही प्लग काढा, एटीएफ ऑइल (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अॅसिटोन निम्मं निम्मं करून प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं थोडं ओता आणि मग खरंच थांबा, आठवडाभर तरी, मधेमधे परत ओतत राहा. नंतर क्रँक पुलीच्या (इंजिनच्या पुढच्या टोकाचं पट्ट्याचं चाक) नटाला गोटी पाना लावून केसभर पुढे, केसभर मागे. एकदा हललं की हळूहळू सुटतं. इंजिन सुरू करायच्या आधी खालचं ऑइल बदला, अॅसिटोन झिरपून तिथे गेलेलं असतं.

मॅनिफोल्डचं मात्र वेगळं आहे, तिथे नुसत्या तेलाने भागत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा खातो, म्हणून आटे आतून आवळले जातात, आणि आपण लांब पाइप लावून जोर केला की स्टडच (हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणात, बसवलेला आट्यांचा दांडा) तुटतो. हेड अॅल्युमिनियमचं आहे, त्यात तुटलेला स्टड म्हणजे लेथवाल्याकडे जाणं आलं, हातात ड्रिल धरून काढायला गेलात तर हेडचे आटे जातील. त्यामुळे ब्लो लॅम्पने फक्त नट लाल करा, जरा निवला की आट्यांवर मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आत शिरतं. मग आधी किंचित आवळा आणि नंतर सोडवा. पाना सहा कोनीच घ्या, बारा कोनी घसरतो. गोल झालेल्या नटावर थोडा लहान गोटी पाना हातोडीने ठोकून बसवा, तरी नाही आला तर छिन्नीने नट उभा फोडा, नट गेला तरी चालेल, स्टड वाचला पाहिजे.

आणि हे कृपया टाळू नका : ज्योत पेटवण्याआधी कार्बोरेटर, पेट्रोलचा पाइप आणि ते अॅसिटोन लांब न्या, वाळूची बादली जवळ ठेवा. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला तर आच लावूच नका, काही क्लीनरमधून विषारी वायू निघतो.

ड्रमसाठी हँडब्रेक सोडा, अॅडजस्टर असेल तेवढा सैल करा, कारण ब्रेकचे शू (ड्रमला आतून दाबणारे तुकडे) ड्रमच्या आतल्या कडेला अडकलेले असतात. मग हबच्या भोवती लाकडी ठोकळा ठेवून ठोका, कडेवर नको, ड्रम बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आहे, टवका उडतो. निघाला की आतली धूळ फुंकू नका! शूवरच्या जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्यानेच पुसा.

मॅनिफोल्ड परत बसवताना पितळी नट घाला, ते पुन्हा असे धरत नाहीत.