पाच हजार वॅट आणि सहा अँपिअरची पिन

प्रश्न : नमस्कार काका. डिचोली तालुक्यात आमचं जुनं घर आहे. हॉल 18 बाय 12 फूट, खाली लाद्या, गिलावा केलेल्या चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. टीव्ही 50 इंची. आईला सिनेमातलं बोलणं कळत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर गाणं किंवा मारामारी लागली की तीच कानांवर हात ठेवते. चवथीआधी होम थिएटर घ्यायचं मनात आहे, बजेट 60 हजार. म्हापशात एकाने 14 हजारांत 5.1 चा (पाच स्पीकर आणि बेसचा एक सबवूफर) सेट दाखवला, खोक्यावर 5000 वॅट छापलंय. पणजीत दुसरा म्हणाला, आता ॲटमॉस (वरूनही आवाज येतो असं भासवणारी पद्धत) नसेल तर घेऊच नका. मुलगा अर्थातच पणजीवाल्याच्या बाजूने. काय घ्यावं? आणि मागच्या स्पीकरच्या वायरी कशा न्याव्या? — एक शिक्षक, डिचोली

उत्तर : सर, आधी त्या 5000 वॅटचा निकाल लावू. परत दुकानात गेलात की खोकं बाजूला ठेवा, सेट उलटा करा आणि मागची पट्टी वाचा. किती वीज खातो ते तिथे लिहिलेलं असतं. माझ्या टेबलावर असे सेट दुरुस्तीला येतात, त्यांच्या पट्टीवर बहुतेक वेळा दोन आकडीच वॅट दिसतात. खाल्ल्यापेक्षा जास्त बाहेर कुठून येणार? त्याची पिन सहा अँपिअरची. 230 गुणिले 6, झाले 1380. त्या पिनेतून 5000 वॅट काढून दाखवणारा भेटला तर फोंड्यातलं दुकान मी त्याच्या नावावर करून देईन.

वॅटपेक्षा वाईट गोष्ट आत असते. अशा बऱ्याच सेटमध्ये डॉल्बी किंवा डीटीएस, म्हणजे सिनेमाचा गुंडाळून पाठवलेला 5.1 आवाज, उलगडणारी चिपच नसते. टीव्हीतून आलेला साधा स्टिरिओ आवाज घ्यायचा, डावं-उजवं एकत्र करून मधल्या स्पीकरला द्यायचं, तेच थोडं बदलून मागच्या दोघांना. पाच तोंडं, पण सगळी एकच गोष्ट बोलतात. आईची तक्रार त्याने वाढेल, कारण बोलणं आणि ढोल दोन्ही एकाच तोंडातून येणार. एक खूण सांगतो: मागे एचडीएमआय किंवा ऑप्टिकलचं भोक नसेल आणि नुसत्या लाल-पांढऱ्या पिना असतील, तर गाणी ऐकायला घ्या, सिनेमाला नको.

खऱ्या रिसीव्हरच्या, म्हणजे आवाज उलगडून स्पीकरांना ताकद देणाऱ्या डब्याच्या, आकड्यांतही मेख असते, पण ती वाचता येते. 'दोन चॅनल चालू, 8 ओहम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, 0.08 टक्के डिस्टॉर्शन' असं लिहून (डिस्टॉर्शन म्हणजे आवाज फाटणं) 70 वॅट सांगितले तर ते मेहनतीचे 70. 'एक चॅनल, 6 ओहम, 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के' असं लिहून 130 सांगितले तर तो बऱ्याचदा तोच रिसीव्हर, फक्त छाती फुगवून उभा. आणि वॅट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो 3 डेसिबल, कान टवकारले तर कळेल इतकाच. 86 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (1 वॅटवर एक मीटर अंतरावर 86 डेसिबल देणारा) स्पीकर 10 वॅटवर चालवला तर तीन मीटरवर बसलेल्याच्या कानाशी साधारण 86 डेसिबल पोचतात. तेवढ्यात तुमची आई उठून वसरीवर जाऊन बसेल. म्हणून वॅटच्या मागे लागू नका. डेनॉन, यामाहा, सोनी, जो मिळेल त्याचा सगळ्यात खालचा 5.1 किंवा 5.2 चा रिसीव्हर पुरे. मात्र तीन गोष्टी बघा: टीव्हीशी एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्याच तारेने रिसीव्हरकडे आणणारी सोय) जोडता येतो का, 4के चित्र आरपार सोडतो का, आणि खोली मोजणारा छोटा माइक सोबत येतो का. गेल्या वर्षीचं मॉडेल स्वस्तात मिळत असेल तर खुशाल घ्या.

आता माझं खरं म्हणणं. मी आधी रेडिओवाला नव्हतो, जत्रेच्या नाटकांना माइक लावायचो. देवळाच्या मंडपात वरून दोन माइक टांगलेले, समोर शे-दोनशे माणसं, आणि पहिल्या अंकाच्या पाचव्या मिनिटाला मागून हाक यायची, "आवाज येत नाssय!" संगीत कमी पडलं म्हणून कधी कुणी ओरडला नाही. ओरडायचे ते संवादासाठी. घरातल्या सिनेमाचंही तेच. 5.1 मध्ये बहुतेक सगळं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं, आणि लोक सगळ्यात कमी पैसे त्याच्यावरच घालतात.

तेव्हा 60 हजारांत पाच स्पीकर बसवायचा हट्ट या चवथीला सोडा. साधारण निम्मे पैसे रिसीव्हरला. उरलेल्यांतले निम्म्याहून जास्त समोरच्या तिघांना. डावा, उजवा आणि मधला एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले हवेत, नाहीतर गाडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच इंजिन बदलल्यासारखं वाटतं. राहिले ते 8 किंवा 10 इंची सबवूफरला. मागचे दोन पुढच्या चवथीला घ्या. तोवर रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये 'सराउंड नाही' असं सांगून ठेवा, तो मागचा आवाज पुढच्यांत मिसळून देतो, काही हरवत नाही. आणि मधल्या स्पीकरची पातळी 2 ते 3 डेसिबलने वाढवा. सोबत डायनॅमिक रेंज, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर, कमी करायचा पर्यायही असतो, बहुधा नाइट मोड या नावाने. आईसाठी दिवसाही तो चालू ठेवा.

मधला स्पीकर टीव्हीच्या कपाटात खोल ढकलू नका. फळीच्या कडेशी आणा आणि पुढच्या बाजूखाली दोन रबरी बूच ठेवून तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे करा. बुचाला खर्च दहा रुपये.

ॲटमॉसचं मुलाला असं सांगा. स्वस्त ॲटमॉसमध्ये स्पीकर वर तोंड करून ठेवतात, आवाज छताला आपटून खाली यावा म्हणून. त्यासाठी छत सपाट, टणक आणि फार उंच नसलेलं लागतं. तुमचं छत उतरतं, वासे, रीप आणि कौलं असलेलं. तिथे आपटलेला आवाज कुठल्या दिशेने जाईल ते देवालाच माहीत, थोडा कौलांच्या फटीतून शेजाऱ्याकडेही जाईल. मुलाने उद्या स्लॅबचं घर बांधलं की तेव्हा बघू.

पण सर, तुमच्या घरी सगळ्यात महाग वस्तू ती खोलीच आहे. हॉलच्या मधोमध उभे राहा आणि एकच टाळी वाजवा. टाळीमागून 'झिंण्' असा तारेसारखा सूर ऐकू आला तर तो लाद्या आणि भिंतींचा. प्रत्येक शब्दाच्या शेपटीला तो चिकटतो, आणि आईला बोलणं न कळण्याचं अर्धं कारण तिथे आहे. माझ्या एका गिऱ्हाइकाने तीनदा स्पीकर बदलले. मी जाऊन टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी टाकली, बाजूच्या भिंतीवर पुस्तकांचं उघडं कपाट सरकवलं, खिडकीला जड पडदा लावायला सांगितलं. चौथे स्पीकर त्याने घेतले नाहीत. मी फी घेतली, चहाही घेतला. तुमच्या घरी पुस्तकं असणारच.

सबवूफर कुठे ठेवावा हे शोधायची युक्ती बघायला विचित्र आहे, पण चालते. तो आईच्या खुर्चीवर ठेवा, दमदार बेसचं गाणं लावा, आणि तुम्ही भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरा. जिथे बेस घट्ट आणि स्वच्छ लागेल, घुमणार नाही, तिथे त्याची जागा. विद्यार्थी घरी नसताना करा. रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो तो आकडा, 80 हर्ट्झवर, आणि सबवूफरच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं गोल बटण सगळ्यात वरच्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवा, नाहीतर एकच काम दोघे करतात. माइक लावून खोली मोजताना पंखा बंद.

वायरी आत्ताच ओढून ठेवा, रंग लावायच्या आधी. भिंतीच्या कडेने प्लॅस्टिकच्या पट्टीतून न्या. लाकडी पट्टी नको, वाळवी ती खाते आणि मागे मातीचा रस्ता करून ठेवते. तांब्याची 1.5 चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड वायर घ्या. 12 मीटर अंतराला जाऊन-येऊन तिचा अडथळा पाव ओहमच्या आसपास होतो, 8 ओहमच्या स्पीकरला ते काहीच नाही. त्यामुळे मीटरला पाचशे रुपयांची 'ऑडिओ केबल' विकणाऱ्याला नमस्कार करा. मात्र एक तार ब्लेडने खरवडून बघाच. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते आपल्या खाऱ्या हवेत सांध्याशी लवकर खराब होतं. स्पीकर निवडतानाही कोनाच्या (आवाज काढणाऱ्या, हलणाऱ्या पडद्याच्या) भोवतीची कड रबराची बघा. फोमची कड दमट हवेत काही वर्षांत भुगा होऊन हातात येते.

आणि वीज. जूनच्या पहिल्या गडगडाटात मी स्वतः शहाणपणाने रिसीव्हरचा प्लग काढून जेवायला बसलो. प्लग काढला, पण डिशची वायर सेट-टॉप बॉक्सला तशीच. कडकडाट झाला तेव्हा घरातला एकही दिवा गेला नाही. सकाळी टीव्ही चालू, बॉक्स मेलेला, आणि रिसीव्हरचे एचडीएमआय आंधळे. वीज गच्चीवरून डिशच्या तारेने उतरली, बॉक्समधून एचडीएमआयच्या केबलने रिसीव्हरच्या बोर्डात शिरली. आवाजाचा भाग ठणठणीत, पण बोर्डाची किंमत जवळजवळ नव्या रिसीव्हरइतकी. तेव्हापासून ढग दिसला की दोन वायरी काढतो, प्लगची आणि डिशची. घरात इंटरनेटची केबल रिसीव्हरला लावलेली असेल तर तिसरी ती. तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मे महिन्यात एक कळशी पाणी ओता. चिऱ्याची जमीन सुकली की अर्थिंग नावालाच उरतं.

प्रश्न : काका, माझा धाकटा भाऊ क्रूझ जहाजावर आहे, जहाज अमेरिकेच्या बंदरांत लागतं. तिथे रिसीव्हर फार स्वस्त मिळतात म्हणून तो येताना एक आणतो म्हणतोय. आणू दे का? — एक गृहिणी, वाळपई

उत्तर : ताई, रिसीव्हर नको, स्पीकर आणू दे.

अमेरिकेतला रिसीव्हर 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झचा. आपल्याकडे 230 आणि 50. तो इथे थेट लावला तर एक फट् आवाज येतो आणि जळका वास दोन दिवस घरात राहतो. दर मोसमात असा एखादा माझ्याकडे येतोच, सोबत "पिन तर बसली" असं म्हणणारा मालक. पिनेचं काय, अडॅप्टर लावला की कुठेही बसते. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, तो 500 व्हीएचा तरी हवा. पण तो व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. 60 वर बेतलेला ट्रान्सफॉर्मर 50 वर जास्त तापतो, आपल्या उन्हाळ्यात तर आणखी. शिवाय बिघडला तर तिकडची वॉरंटी इथे सहसा कामाची नाही. जपानी बंदरातून आणला तर तो 100 व्होल्टचा, त्याची तऱ्हा आणखी वेगळी.

साध्या स्पीकरला मात्र विजेची पिनच नसते. त्यात एक चुंबक, एक कॉइल, एक कोन आणि क्रॉसओव्हरचे दोन-चार भाग. तो जगात कुठेही चालतो. भावाला चांगली बुकशेल्फ जोडी आणि त्याच मालिकेतला मधला स्पीकर आणायला सांगा. वजनाचं आणि कस्टमचं त्याने आधी विचारून ठेवावं. सबवूफरला पिन असते, त्यामुळे तो इथेच घ्या, किंवा पाठीमागे 115/230 चा खटका असेल तर आणा. खटका 230 वर करायचा तो प्लग लावायच्या आधी. हे मी उगाच लिहीत नाही.

प्रश्न : जुना रिसीव्हर आहे, एचडीएमआय नाही, फक्त ऑप्टिकल. नव्या टीव्हीला जोडला तर मागचे स्पीकर गप्प. पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो, खालच्या मजल्यावरचे बेसबद्दल तक्रार करतात ते वेगळंच. भंगारात काढू? — एक वाचक, पर्वरी

उत्तर : काढू नका. टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये जा, डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर (न गुंडाळलेला साधा डिजिटल आवाज) असेल, ते 'डॉल्बी डिजिटल' करा. ऑप्टिकलच्या तारेतून पीसीएम फक्त दोन चॅनलचं जातं, डॉल्बी डिजिटल पूर्ण 5.1 चं. ॲपमधून येणारं डॉल्बी डिजिटल प्लस ऑप्टिकलमधून जात नाही. बरेच टीव्ही ते साध्या डॉल्बीत बदलून देतात, तुमचा देतो का ते एक सिनेमा लावून रिसीव्हरच्या दिव्याकडे बघितलं की कळेल. नसेल देत तर जुन्या ब्लू-रे प्लेअरचं ऑप्टिकल थेट रिसीव्हरला लावा.

खालच्यांसाठी सबवूफरखाली जाड रबरी मॅट टाका, भिंतीच्या कोपऱ्यातून दोन फूट बाहेर काढा आणि दहाच्या आधी सिनेमा संपवा. रात्री दहा ते सहा निवासी भागाची कायद्याची मर्यादा 45 डेसिबल आहे. तुमचा फ्रिजच त्याच्या जवळपास असेल.