वाचक विचारतात: पालियो आणली, आता मे महिना कसा काढू?

मागच्या अंकात सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की माझ्याकडे २००२ ची फियाट पालियो १.६ आहे, पेट्रोल पिते पण राग येत नाही. झालं, या वेळचं अर्ध्याहून जास्त टपाल त्या एका गाडीवरच. खान्देशात इतक्या पालियो अजून जिवंत आहेत हे मलाच माहीत नव्हतं. ट्रॅक्टर आणि बोलेरोवाल्यांनी रागावू नका, तुमचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो.

भाऊ, नाशिकहून २००३ ची पालियो १.६ जीटीएक्स घेतली. चांदवडपर्यंत मस्त आली, मालेगावात ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि काटा लालमध्ये. इथल्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला, रेडिएटरमध्ये पाणी भरलं, म्हणाला आता बिनधास्त फिरा. पण एसी लावला की परत तापते. मला आधी पेंट करायचा होता. वडील रोज म्हणतात, "हाई काय भंगार लई उना रे भो?" (हे काय भंगार घेऊन आलास?) सुरुवात कुठून करू? (एक वाचक, अमळनेर)

पेंटचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा आणि वर्षभर हात लावू नका. जुनी इटालियन गाडी घेतलेला प्रत्येक माणूस पहिले पेंटच करतो, मग सहा महिन्यांनी इंजिनचं हेड उतरवायची वेळ आली की खिशात काही उरलेलं नसतं, आणि चकाचक लाल गाडी गोठ्याशेजारी कव्हर घालून उभी. हे मी दोन गावांत डोळ्यांनी बघितलंय.

आता तापण्याचं. ही गाडी मुळात गरम डोक्याची आहे असं लोक म्हणतात ते खरं नाही. हे मॉडेल मूळ ब्राझीलसाठी १९९६ ला आलं, तिथे काय थंडी असते का? आपल्याकडे आली २००१ ला, कुर्ल्याच्या कारखान्यातून, जाहिरातीत सचिन तेंडुलकर. १.६ ला १०० हॉर्सपॉवर, आणि त्या काळात बाकीच्या छोट्या गाड्या बहुतेक पन्नास-साठमध्येच घुटमळत होत्या. कूलिंग कंपनीने नीट दिलेलं होतं, वीस वर्षांत आपण ते बिघडवलं.

पहिली गोष्ट, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, परत बसवा, नवा. काढून टाकणं हा आपल्याकडचा जुना इलाज आहे, अॅम्बेसेडरच्या काळात चालून गेला, पण या इंजिनाला ईसीयू आहे, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर. थर्मोस्टॅट नसला की हायवेवर आणि थंडीत इंजिन पुरेसं गरमच होत नाही, ईसीयूला वाटतं अजून थंड आहे म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, आणि ट्रॅफिकमध्ये तापायचं ते तापतंच, म्हणजे दोन्हीकडून तोटा. दुसरं, बोअरचं पाणी. आपल्या पाण्यात क्षार किती आहेत ते घरातल्या हीटरच्या रॉडवर बघा, तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडमध्ये बसलेला असतो. सिस्टीम फ्लश करून घ्या, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. रेडिएटर फारच चोंदला असेल तर नवा टाका, जुना रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ करून, किती दिवस चालवणार. एक्स्पान्शन टँकचं झाकणसुद्धा नवं घ्या. झाकण प्रेशर धरतं म्हणून पाणी शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही. ते लूज झालं की बाकी सगळं नवं असून गाडी पाणी फेकते, आणि वस्तू एवढीशी आहे म्हणून कोणी बघतच नाही.

तिसरं आपल्या भागातलं खास. कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांमागे चालवली असेल ना, तो कापूस उडून एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये जाऊन बसतो. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. माझ्या गाडीचा कंडेन्सर पुढे सरकवला तर आतून अक्षरशः गोधडी निघाली, उशी भरता आली असती. तिथे साधं पाणी, हळू प्रेशर, आतल्या बाजूने बाहेर. वॉशिंगवाल्याच्या मोठ्या गनने मारू नका, पात्या वाकतात.

चौथं, फॅन. तुमचं लक्षण बघता मला संशय इथेच जास्त आहे, कारण तापते ती उभी असताना आणि एसीवर. एसी लावून गाडी उभी ठेवा आणि बघा, फॅन लगेच फिरायला पाहिजे. दोन स्पीडचा असेल तर हळू स्पीडचा रेझिस्टर जळलेला असतो, मग फॅन एकदम शेवटी, काटा वर गेल्यावर जोरात सुटतो, आणि मालकाला वाटतं की फॅन तर चालू आहे ना. रेझिस्टर, रिले, फॅन मोटरचे कार्बन, या क्रमाने बघा.

हे सगळं करूनही तापली तर मग गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग. टँकमध्ये सतत बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखं पांढरं, पाणी कमी होतंय पण गळती कुठे दिसत नाही, ही चिन्हं. एकदा लालमध्ये गेलेली गाडी आहे म्हणून हे तपासाच. हेड उतरवलंच तर फेसिंग करूनच, म्हणजे त्याचा तळ सपाट करूनच बसवा, नुसती गॅस्केट बदलून बसवू नका.

आणि वडिलांना एकदा शेजारच्या सीटवर बसवून चाळीसगावहून कन्नडच्या घाटात घेऊन जा, अर्थात कूलिंगचं काम झाल्यावर. तिसऱ्या गिअरमध्ये ती गाडी वळण कशी धरते आणि ते जड हायड्रॉलिक स्टिअरिंग हाताला रस्ता कसा सांगतं, हे शब्दांत पटवता येत नाही. माझे वडील घाट संपल्यावर फक्त एवढंच म्हणाले, "ब्रेक चांगले शेत," म्हणजे चांगले आहेत. त्यानंतर भंगार हा शब्द बंद.

टायमिंग बेल्ट कधी बदलला माहीत नाही. कव्हर उघडून बघितला, एकही चीर नाही, मिस्त्री म्हणतो अजून वीस हजार चालेल. (धुळे)

नाही चालणार. म्हणजे चालेलही, पण ते नशीब झालं. बेल्ट किलोमीटरने जातो तसा वयानेही जातो, रबर आहे ते, आणि धुळ्याच्या उन्हात बॉनेटखाली काय हाल होत असतील. कधी बदलला हे माहीत नाही याचा अर्थ आज बदला. १.६ चं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन आहे, बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात आणि मग तुम्ही मला भेटता. नुसता बेल्ट नका टाकू, टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून आणि वळवून धरणाऱ्या पुल्या) आणि वॉटर पंप एकत्र. मी एकदा शहाणपणा केला, बेल्ट चांगल्या कंपनीचा आणि टेन्शनर बिननावाचा स्वस्तातला घेतला, लळिंगच्या अलीकडे बेअरिंग किरकिरायला लागलं तेव्हा गाडी तिथेच बंद केली म्हणून वाचलो, टोचनचे पैसे मात्र टेन्शनरच्या तिप्पट.

अजून एक. काम देताना विचारा की कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट, लॉक करायचं टूल आहे का. "व्हाईटनरची खूण करून बसवतो" असं म्हणणारा माणूस वाईट नसतो, मारुतीवर त्याचा हात बसलेला असतो, पण या इंजिनावर एखादा दात इकडेतिकडे झाला की गाडी मरगळते आणि मग सगळे सेन्सर बदलत बसतात.

माझ्या वडिलांची पालियो आहे, ते गेल्यावर दोन वर्षं उभी होती. विकायची नाही. नवी बॅटरी टाकली तरी दोन दिवसांत उतरते, कधी सेल्फ नुसता टक करतो, कधी इंडिकेटर दिला की मीटरमधले दिवे मंद होतात. इलेक्ट्रिशियन म्हणतो पूर्ण वायरिंग बदलावी लागेल. (एक वाचक ताई, भुसावळ)

ताई, वायरिंग बदलू देऊ नका. कारखान्याची वायरिंग एकदा कापली की ती गाडी परत कधीच सरळ होत नाही, हे लिहून ठेवा. इंडिकेटरबरोबर मीटर मंद होणं हे अर्थिंगचं लक्षण आहे, दहात आठ वेळा तरी. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि गिअरबॉक्सला जाणाऱ्या पट्ट्या सोडवा, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेली लावा. पट्टी हिरवी पडली असेल तर नवी. मग मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ अजून खराब आहे. पाच मिनिटांची तपासणी, पण हीच नेमकी कोणी करत नाही.

बॅटरी उतरण्याचं वेगळं बघावं लागेल. गाडी बंद करून, दारं लावून, पंधरा-वीस मिनिटं थांबून किती करंट जातोय ते मोजायचं. ५० मिलीअॅम्पिअरच्या आत पाहिजे. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा खाली पडला तो चोर. बहुतेक वेळा नंतर बसवलेला स्टिरिओ नाहीतर सेंट्रल लॉकिंग निघतं.

दोन चाव्या आहेत का बघा. चावीत चिप असते, चिप ओळखली नाही तर गाडी सेल्फ घेते पण सुरू होत नाही आणि लोक पेट्रोल पंप बदलतात. एकच चावी असेल तर आत्ताच दुसरी करून ठेवा, आणि वडिलांच्या कागदांच्या पिशवीत कोडचं एखादं कार्ड सापडलं तर सोन्यासारखं जपा, जळगावच्या सोन्यासारखं.

टाकीतलं दोन वर्षांचं पेट्रोल काढून टाका हे सांगायला नको, पण सांगतो.

पार्ट कुठे मिळतात? कंपनी तर गेली. आणि हल्लीच्या ई-२० पेट्रोलने जुनी पालियो खराब होते का? पासिंग पण संपत आलंय. (शिरपूर)

तीन प्रश्न एका तिकिटात, बरं.

पार्ट. भारतात नवी फियाट मिळणं प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर, म्हणजे २०२० पासून बंद झालं, पण झिजणारा माल अजून फिरतोय. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत कश्मीरी गेट. दुकानदाराला फक्त पालियो म्हणू नका, तो नाही म्हणून मोकळा होईल. फियाटच्याच सिएना १.६ आणि अॅडव्हेंचर १.६ यांचं इंजिन हेच, त्यांच्या नावाने विचारलं की बऱ्याचदा शेल्फवरून खाली निघतं. जुना पार्ट सोबत न्या, त्यावरचा नंबर वाचून दाखवा. परवडत असेल तर एक पडीक सिएना घेऊन शेतात ठेवा, दारांपासून सेन्सरपर्यंत दुकानच होतं ते. घरातल्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. जे हमखास लागतं, म्हणजे लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, इंजिन माउंटिंग, क्लच सेट, ते दिसेल तेव्हा घेऊन ठेवा, लागेल तेव्हा दिसत नाही.

ई-२० ने, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने, इंजिन एका रात्रीत बसत नाही, घाबरू नका, पण ही गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेलीच नाही. इथेनॉल जुन्या रबराला खातं, आणि हवेतला ओलावा ओढतं. म्हणून पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि ओ-रिंग इथेनॉलला चालणाऱ्या दर्जाचे टाकून घ्या, वीस वर्षांनी ते तसेही बदलायचेच असतात. फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदला, कारण इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवून पुढे ढकलतं. महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर उद्यावर ढकलू नका, गाडी तशीच बंद ठेवा.

पासिंग. १५ वर्षांनंतर आरसी दर ५ वर्षांनी रिन्यू होते, फॉर्म २५, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. फी १५ वर्षांवरच्या कारला ५,००० आणि २० च्या वर गेली की १०,०००, वर पर्यावरण कर वेगळा, आणि उशीर केला तर महिन्याला ५०० चा दंड. फिटनेसला जाताना हँडब्रेक, हेडलाइटचा फोकस, हॉर्न आणि पीयूसी आधी बघून घ्या, साध्या वायपरवरून परत पाठवलेली माणसं मला माहीत आहेत. "व्हिंटेजमध्ये नोंदवू का" असंही तुम्ही विचारलंय. त्याला गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते. नातवाला सांगून ठेवा.

जुनी पालियो घेऊन एवढं करण्यापेक्षा सेकंडहॅन्ड अबार्थ पुंटो घ्यावी का? आणि त्यावर विंचू का असतो? (शहादा)

पैसे असतील तर घ्या, फियाटचीच पण दुसऱ्याच जातीची गाडी आहे ती. २०१५ ला आली, रांजणगावला बनलेली, १.४ टर्बो, १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क. पण टर्बो आहे, ऑइल वेळेवर आणि चांगलंच लागतं, आणि शहाद्यापासून तोरणमाळपर्यंत जोरात नेऊन वर पोचल्या पोचल्या चावी बंद करायची नाही, मिनिट-दोन मिनिटं चालू राहू द्या. घेताना आरसीवर मॉडेल वाचा, कारण साध्या पुंटोला विंचवाचा स्टिकर लावून अबार्थ म्हणून विकणारे आपल्याकडे कमी नाहीत. विंचू असतो कारण कंपनी काढणारा कार्लो अबार्थ, १९४९ ची गोष्ट, त्याची रास वृश्चिक होती. एवढंच.

तरी शिकायचं असेल, हाताला काळं लागू द्यायचं असेल, तर पालियोच.

माझी लाल १.६ आहे, मॅट ब्लॅक रॅप करायचाय. कसा दिसेल? (यावल)

मे महिन्यात केळीच्या बागेत सावली मिळाली तर बरा दिसेल. आरटीओत रंगबदल नोंदवावा लागतो तो वेगळाच. त्या पैशात वरच्या अमळनेरवाल्यांचं उत्तर वाचून रेडिएटर टाका.