कूलरचं चित्र आणि मिलानचं सेमिस्टर

पत्र थोडक्यात असं: "मुलगी नागपूरच्याच एका कॉलेजात बी.आर्क.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचा तिकडच्या एका विद्यापीठाशी करार आहे, त्यातून सप्टेंबरपासून एक सेमिस्टर मिलानला शिकायची संधी आलीय. खर्च सात-आठ लाख सांगतात. यांचं म्हणणं, पाच महिन्यांसाठी एवढे पैसे घालण्यापेक्षा पुढे मास्टर्सलाच पाठवू. दीर म्हणतात, फिरून येईल, दुसरं काय! मला एवढंच विचारायचंय, तिचं वर्ष तर वाया जाणार नाही ना? तिचा हात कळावा म्हणून तिने काढलेलं एक चित्र सोबत जोडतेय. – एक आई, त्रिमूर्तीनगर"

ताई, नमस्कार.

खरं सांगतो, पत्राआधी मी चित्रच पाहिलं. खिडकीत बसवलेला कूलर, त्याचा लोखंडी स्टँड, पाण्याची नळी, एका बाजूने सुटून लोंबणारी खसची ताटी. इथपर्यंत कुणीही काढेल. पण तिने बाण काढलेत. कूलरमधून हवा आत येते, बैठकीतून स्वयंपाकघरात जाते आणि मागच्या अर्ध्या उघड्या दारातून बाहेर पडते. त्या दाराशी तिने बारीक अक्षरात लिहिलंय, "हे लावलं की दमटपणा". घरात हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर कूलर नुसती ओल करतो, हे नागपूरच्या प्रत्येक घराला माहीत असतं. ते कागदावर मांडावंसं वाटणं ही वेगळी गोष्ट. मुलीला डोळा आहे. त्यामुळे "फिरून येईल" हे दिरांचं म्हणणं मी बाजूला ठेवतो.

आता तुमचा प्रश्न. वर्ष वाया जाऊ शकतं. मिलानमुळे नाही, इथल्या कागदांमुळे. हे मी अनुभवावरून सांगतोय आणि त्यात चूक माझीही होती. काही वर्षांपूर्वी एक मुलगा असाच युरोपात सेमिस्टर करून आला. जाण्याआधी त्याच्या कॉलेजात तोंडी सांगितलं होतं, "होऊन जाईल." वडील माझ्याकडे आले तेव्हा मीही म्हणालो, काळजी नका करू. पोरगा तिथे चांगल्या मार्कांनी पास झाला, गुणपत्रक घेऊन परतला, आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागात त्याला सांगितलं गेलं की या विषयांचे कोड आमच्याकडे नाहीत. दोन विषय त्याला पुन्हा ज्युनिअर मुलांबरोबर बसून द्यावे लागले. एक वर्ष गेलं. तेव्हापासून माझा एक नियम आहे: तिकिटाचे पैसे भरायच्या आधी सही-शिक्क्याचं पत्र हातात पाहिजे.

हे पत्र कशाचं? तिथे जे विषय ती घेणार, त्यांच्यासमोर इथल्या सातव्या (म्हणजे चौथ्या वर्षाच्या पहिल्या) सेमिस्टरचे कोणते विषय धरले जाणार, त्याचा तक्ता. त्याला लर्निंग अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. त्यावर मुलीची, इथल्या कॉलेजची आणि तिथल्या विद्यापीठाची अशा तिघांच्या सह्या असतात. त्यावर न थांबता आपल्या विद्यापीठाकडून लेखी घ्या की तिथले क्रेडिट, म्हणजे विषयाला किती काम लागतं ते मोजायचे एकक, इथे धरले जातील आणि गुण अमुक पद्धतीने बदलले जातील. युरोपात एका सेमिस्टरला 30 ईसीटीएस (तिकडच्या सामाईक पद्धतीचे) क्रेडिट असतात. तिकडे क्रेडिट मोजताना घरी बसून केलेलं कामही धरतात (इटलीत एका क्रेडिटला 25 तास), आपल्याकडे मुख्यतः वर्गातले तास धरतात. म्हणजे आकड्यासमोर आकडा ठेवून भागत नाही. गुणांचंही तेच. इटलीत प्रत्येक विषय 30 पैकी असतो आणि 18 ला पास. आता 18 म्हणजे आपल्याकडचे 60 टक्के की जेमतेम उत्तीर्ण? हे आधी ठरलेलं नसेल तर परत आल्यावर प्रत्येक टेबलावर वेगळं उत्तर मिळतं.

आणखी एक बारीक गाठ आहे. इटलीत आर्किटेक्चर बऱ्याच ठिकाणी तीन अधिक दोन असं असतं: तीन वर्षांची पहिली पदवी, मग दोन वर्षांची मास्टर्स. आपलं सलग पाच वर्षांचं. तुमची लेक चौथ्या वर्षात जाऊन नेमकी त्या सांध्यावर उभी राहील. तिला तिसऱ्या वर्षाच्या मुलांत बसवणार की मास्टर्सच्या पहिल्या, हे विचारून घ्या. मास्टर्सचा स्टुडिओ, म्हणजे डिझाइनचा वर्ग, मिळाला तर दमेल, पण मला तोच बरा वाटतो. वर्ग इंग्रजीतला आहे ना, हेही तिथेच विचारायचं.

काही विषय तिथे मिळणारच नाहीत. यूडीसीपीआर म्हणजे आपली बांधकाम नियमावली, मिलानमध्ये कोण शिकवणार? सामासिक अंतर (इमारतीभोवतीची मोकळी जागा) किती सोडायचं, एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) कसा मोजायचा, दरपत्रकावरून अंदाजपत्रक कसं करायचं, हे इथेच शिकावं लागतं. असे एक-दोन विषय सातव्यात असतील तर ते आठव्यात किंवा सुट्टीत कसे उरकणार, तेही पत्रात यायला हवं.

वेळापत्रकाचा घोळ सांगून ठेवतो. त्यांचे वर्ग सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतात, परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत. तोवर आपलं आठवं सेमिस्टर निम्म्यावर आलेलं असतं. तुमच्या कॉलेजात आठवं सेमिस्टर ट्रेनिंगचं असेल तर दुधात साखर; ती फेब्रुवारीत येईल आणि सरळ एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात रुजू होईल. नसेल तर उशिरा हजर व्हायची परवानगीही लेखी.

एवढं सगळं जुळत असेल तर सातवं सेमिस्टर जायला उत्तम. त्याआधी हात पुरेसा बसलेला नसतो, त्यानंतर थीसिस डोक्यावर असतो. पदवी आपल्याच विद्यापीठाची राहते, त्यामुळे पुढे काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नोंदणीला या पाच महिन्यांनी बाधा येत नाही.

आता पैसे. करारातून जाणाऱ्या मुलांना सहसा तिथली शिकवणी फी भरावी लागत नाही, इथली मात्र चालू राहते. खरा खर्च राहण्याचा, कारण मिलान हे इटलीतलं महागडं शहर. स्वतंत्र खोली महिना सहाशे युरोच्या खाली मिळाली तर नशीब समजा. सहा महिन्यांचं भाडं 3,600, जेवण हाताने केलं तर 1,500, प्रवास-फोन चारशेच्या आत, मॉडेलचं सामान आणि प्रिंट चारशे, विमा-व्हिसा वगैरे साडेतीनशे. युरो शंभर रुपयांना धरला तर सव्वासहा लाख, वर विमान. म्हणजे कॉलेजने सांगितलेला आकडा फुगवलेला नाही. दुसऱ्या मुलीबरोबर खोली वाटून घेतली तर लाखभर वाचतील. तिथे काम करून पैसे काढेन असं ती म्हणाली तर हसून सोडून द्या. विद्यार्थ्यांना आठवड्याला 20 तास कामाची मुभा आहे, पण स्टुडिओ करणाऱ्या मुलीकडे ते 20 तास नसतात.

मुक्काम 90 दिवसांहून जास्त असल्यामुळे पर्यटकांचा शेंगेन व्हिसा चालत नाही, लांब मुदतीचा डी व्हिसा लागतो. महाराष्ट्रासाठी इटलीचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. पोचल्यावर कामकाजाच्या 8 दिवसांत निवास परवान्याचा अर्ज द्यावा लागतो आणि गंमत म्हणजे तो पोस्टात जाऊन द्यायचा. पोरं घर शोधण्याच्या नादात हे विसरतात.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पटत नाही असं नाही. दोन वर्षांच्या मास्टर्सला राहण्याचाच खर्च याच्या जवळपास चौपट होईल. म्हणूनच मी उलट म्हणेन: तेवढी उडी मारायची की नाही, हे या पाच महिन्यांत कळतं. पण हे पैसे काढल्यावर मास्टर्सचा विचार कायमचा सोडावा लागणार असेल, तर थांबा. त्या परिस्थितीत मी त्यांच्या बाजूने आहे.

शिकायला काय मिळेल? मुलांना विचारलं की ती बॉस्को व्हर्टिकाले सांगतात, 2014 सालचे ते झाडांनी मढलेले दोन टॉवर. हल्ली माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पोर्टफोलिओंत त्याची एक नक्कल असतेच. नागपूरच्या मे महिन्यात ती झाडं किती पाणी पितील, हे मात्र कुणी लिहीत नाही. मी तिला जुन्या कामगार वस्त्यांकडे जायला सांगेन. तिथे 'कासा दि रिंगिएरा' म्हणून घरं आहेत, म्हणजे रेलिंगची घरं. मधे चौक, प्रत्येक मजल्यावर लोखंडी कठड्याची सामाईक गॅलरी, तिच्यावर उघडणारी दारं, आणि पूर्वी संडासही सामाईक. आपली चाळच की! ती पाहताना तिला नागपूरच्या महाल भागातले वाडेही आठवतील.

आणि ऊन. आपल्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली पडत नाही. डिसेंबरातही तो भर दुपारी 45 अंशांवर असतो. मिलानमध्ये डिसेंबरच्या दुपारी तो जेमतेम 21 अंशांवर. आजवर तिने ऊन घराबाहेर कसं ठेवायचं हेच शिकलंय. छज्जा, व्हरांडा, जाळी. तिथे पहिल्याच आठवड्यात सर विचारतील, या खोलीत ऊन येणार कुठून? तिचा आवडता खोल व्हरांडा तिथे खोली अंधारी करेल. आपल्या सवयी कुठल्या हवेतून आल्या, हे तेव्हा कळतं, आणि परत आल्यावर इथला छज्जा ती किती इंचांचा काढायचा ते विचार करून काढेल. माझ्या लेखी सात लाखांतला मोठा हिस्सा याचा आहे.

परीक्षा तोंडावर आहे, म्हणून आत्ता तिला कशात गुंतवू नका. पत्रासाठी कॉलेजात तुम्ही दोघंच जाऊन या, सोबत अर्जाची प्रत न्या आणि पोच घ्या. पोर्टफोलिओत पहिलं पान या कूलरचं ठेवायला सांगा. फक्त मृगाचा पाऊस पडून कूलर उतरवायच्या आत त्या खिडकीचं आणि मागच्या दाराचं माप घेऊन ठेवू दे. बाण आहेत, मापं राहिलीत.